दरवर्षीचा प्रश्न

“यांतला बरा झालेला एक तरी गडी दाखवा, बाबा.”

सुभेदार हिंदुराव शेडगे उभ्यानंच विचारत होते. समोर फकिराच्या तकियातल्या चटईवर गावातले सहा माजी सैनिक बसले होते. दर रविवारी दुपारी ते करीमबाबांकडे जमत आणि लढाईत जे पाहिलं ते एकमेकांना सांगत. फटाका वाजला की त्यांतला एकजण अजून खाटेखाली शिरायचा.

बाबांनी स्वतः फौजेत जखमींची स्ट्रेचरं वाहिली होती. फकिरी नंतरची.

“बरा झालेला कुणी नाही,” बाबा म्हणाले. “बसा.”

सुभेदार बसले, पण चटईपासून हातभर लांब. या लोकांना जरा शिस्त लावून येतो, असं ते घरी सांगून आले होते. तीन रविवार ते दुसऱ्यांच्या चुका काढत राहिले. टेकडीचा नंबर चुकला, तारीख चुकली. लोक ऐकून घेत.

चौथ्या रविवारी नायक दगडू आवळे बोलू लागला. जखमी जोडीदाराला मागं टाकून तो परतला होता. जोडीदार हाका मारत होता…

“हुकूम होता ना? मग झालं तर,” सुभेदार म्हणाले.

“तुम्ही कधी दिलात असा हुकूम?” बाबांनी विचारलं.

बाबा बाजूला सरकले. चटईवर एका माणसापुरती जागा झाली. बऱ्याच वेळानं सुभेदार उठले आणि तिथं येऊन बसले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तुकडीतला भैरू पाटोळे सुरुंगात पाय गमावून बर्फात पडला होता. वरून गोळीबार चालू होता. त्याला आणायला निघालेल्या दोघांना सुभेदारांनी अडवलं. भैरू दुपारभर सुभेदारांच्याच नावानं हाका मारत होता. त्याच्या आईला मात्र त्यांनी सांगितलं, जागच्या जागी गेला.

ती भैरूच्या दरवर्षीच्या श्राद्धाला त्यांना न चुकता जेवायला बोलवायची. पान वाढून समोर बसायची आणि विचारायची, लेकराला लई त्रास नाय ना झाला?

“अकरा वर्षं मी ‘नाही’ म्हणत आलो,” सुभेदार म्हणाले. “गेल्या महिन्यात म्हातारी गेली. निदान… मनात समाधान घेऊन गेली.”

दगडूनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“दरवर्षी विचारायची?” बाबा म्हणाले.

“दरवर्षी.”

“पटलं असतं, तर एकदाच विचारलं असतं, सुभेदार.”