मंदावलेला हात

“कापलेला तुकडा कुठाय?” मेस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं.

श्रीनिवासला त्यांचा राग कळेना. तो तर शाबासकी घ्यायला कोल्हापूरला आला होता. मिरजेजवळच्या एका देवळात, भांड्यांच्या खोलीत, त्याला मूकपटाचं एक रीळ सापडलं होतं. जगात दुसरी प्रत नाही. जुन्या कॅमेऱ्यांचं काम तो रंगनाथ मेस्त्रींच्याच हाताखाली शिकला, पण अलीकडे स्वारी गुरूपेक्षा दोन बोटं वरून चालत होती. रीळ सापडलं ते आधी स्वतः साफसूफ केलं, मित्रांना दाखवलं, आणि मग गुरूकडे आणलं.

त्याने पुन्हा समजावलं. चित्रपटात राणीची दोन वर्षांची लेक मरते. राणी ऊर बडवते. आणि नेमकी तिथेच सगळी माणसं उधळल्यासारखी पळायला लागतात. कहर म्हणजे मेलेली पोर हात उचलते. मित्र पोट धरधरून हसले. म्हणून तेवढा भाग काढला.

“हँडल फिरवणाऱ्याचा हात मंदावला की चित्रं कमी निघतात आणि पडद्यावर माणसं पळतात, हे तुम्हीच शिकवलंत. कुणीतरी कामचुकार असणार तो.”

मेस्त्रींनी रीळ बाजूला ठेवलं.

“तुकडा?”

“कचऱ्यात टाकला. गाडी घेऊन गेली.”

म्हातारा उठला. इतका संताप श्रीनिवासने त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. त्यांनी कपाटातून आपल्या वडिलांचा कॅमेरा काढला, स्टँडवर चढवला, श्रीनिवासला खांद्याला धरून त्याच्यामागे उभं केलं. स्वतः समोर गेले, खिडकीतून आलेल्या उन्हात.

“फिरव.”

“आत फिल्म नाहीये, मेस्त्री.”

“फिरव म्हणतोय न्हवं?”

त्या काळी मोटर नव्हती. वेग चुकू नये म्हणून हँडल फिरवणारा तोंडातल्या तोंडात आरती म्हणायचा आणि तिच्या तालावर हात चालवायचा. श्रीनिवासलाही मेस्त्रींनी तसंच शिकवलं होतं. तो आरती पुटपुटत फिरवू लागला. हात सुरेख चालत होता, शिकवणीत कसर नव्हती.

“त्या चित्राला हँडल माझ्या बाच्या हातात हुतं,” मेस्त्री म्हणाले.

हँडल फिरत राहिलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मेलेली पोर दाखवायला कंपनीला मूल मिळेना, तेव्हा मालकाने कॅमेरावाल्याचीच मुलगी निजवली. गोदी, मेस्त्रींची थोरली बहीण. पोरीच्या अंगात ताप होता. पण चित्र निघायचं ते उन्हावर, आणि ऊन उतरायला लागलं होतं. मालक म्हणाला, आज नाही तर कामावर येऊ नकोस.

“तिनं हात कुणाला केला, ठावं हाय तुला?”

श्रीनिवास आरती विसरला.

“कॅमेऱ्यामागं बा दिसला तिला. घे म्हणत हुती. आणि त्यानं हँडल सोडलं न्हाई...”

चौथ्या दिवशी गोदी गेली. मेस्त्री त्यानंतर तिच्या पाठीवर जन्मले. घरात तिचा एक फोटो नाही. जे काही होतं ते त्या रिळात होतं, आणि ते रीळ कुठेतरी गावेल म्हणून हा माणूस पन्नास वर्षं देवळं आणि माळे धुंडाळत होता. शिष्याला ही वाट त्यानेच दाखवली होती.

“मरेपर्यंत बा एकच सांगायचा. माझी पोर तिथं हात हलवतीय, जा, बघून ये.”

श्रीनिवासला मान वर करवेना. हात जड झाला होता. हँडल अर्ध्यावर अडखळलं, पुन्हा रखडत फिरलं.

मेस्त्री उन्हात तसेच ताठ उभे होते. नजर त्याच्या हातावर.

“मंदावला बघ... आता पडद्यावर मी पळत असणार. हस की.”