ठकूआईचं छप्पर

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरतळ्यात घरोघरी गवताची छपरं होती आणि विहिरीवर मोट चालायची, तेव्हाची ही गोष्ट. गाव तेव्हाही अंजिरावरच जगायचं. पण लोकांना बाग झाडून लख्ख ठेवायची भारी हौस! पडलेलं पान न् पान गोळा करून होळीत घालायचे. एकटी ठकूआई तेवढी पालापाचोळा झाडांच्या बुडाशी अंथरायची. शेजारणी तिला तोंडावर गबाळी म्हणायच्या. ती हसायची आणि आणखी एक पाटी पाला ओतायची.

मग एका वर्षी पाऊस रुसला. विहिरीनं तळ दाखवला. पंचांनी पाळी लावली, प्रत्येक बागेला सारखंच पाणी. पाळी आली की ठकूआई पाला बाजूला सारायची आणि पाणी जिरलं की पुन्हा पांघरायची. सगळ्यांच्या झाडांनी माना टाकल्या, हिची मात्र हिरवीगार. असं म्हणतात, तिच्या बागेत भर दुपारी हुडहुडी भरायची.

"बाई पानी चोरतीया!" गावात एकच ओरड झाली. चोरी ठरली असती तर तिची पाळी बंद, म्हणजे बाग गेलीच. थोरले पंच जानोजीबाबा बागेत आले.

ठकूआई म्हणाली, "बाबा, वाईच पाल्याखाली हात घाला."

त्यांनी हात घातला. आत माती लोण्यासारखी मऊ, ओलीगार.

"म्या पानी चोरलं न्हाई, बाबा. उनापासनं लपवलं."

जानोजीबाबा म्हणाले, "पोरी, आमी तर समदा पाला होळीत घातला. आता आमच्या झाडाबुडी काय घालू?"

ठकूआई तडक निघाली. घरी गेली, शिडी लावली आणि स्वतःच्या घराचं छप्पर उपसायला लागली. ते गवत तिनं आधी अंथरलं कुठं, तर तिला गबाळी म्हणणाऱ्या शेजारणीच्या बागेत! मग गाव कशाला मागं राहतंय? दिवस मावळेपर्यंत एकाही घरावर काडी उरली नाही. माणसं उघड्यावर आणि झाडं छपराखाली. असं म्हणतात, त्या अख्ख्या उन्हाळ्यात एक ढग गावावरून हलला नाही आणि उघड्या घरातल्या एकाही तान्ह्याला ऊन लागलं नाही. आणि अंजिरं? एकेक अंजीर ओंजळीत मावेना!

आज बोरतळ्यात पत्रे आले, स्लॅब आले, बागेत ठिबक आलं. तरी आपल्या होळीत झाडाचं एक पान पडत नाही. आणि पाडव्याला गुढी उभारायच्या आधी प्रत्येक घरावर गवताची पेंढी चढते. घरातली थोरली बाई ती आपल्या हातानं उतरवते, शेजाऱ्याच्या बागेत नेते, अंजिराच्या बुडाशी पसरते आणि झाडाला सांगते, "आधी तुला, मग आमाला."