दोडक्याची परी आणि गोजरामावशीचं जेवण

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट लांब नाही, पण ती हळू चालते. आपणही तिच्याबरोबर हळूच जाऊ.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. गावाच्या कडेला एक चिमुकलं घर, आणि घरामागं त्याहून चिमुकलं परसू. त्या घरात बकुळा नावाची मुलगी राहायची. सोबत तिचा रांगता भाऊ बाळू आणि त्यांची आई हौसा. वडील देवाघरी गेले होते, बकुळाला त्यांचा नुसता आवाज आठवायचा.

आई रंगाऱ्याकडं लुगडी रंगवायला जायची. संध्याकाळी ती परतली की बकुळा आधी तिचे हात बघायची. कधी ते मोरासारखे निळे असायचे, कधी डाळिंबासारखे लालचुटूक, कधी पोपटाच्या पंखासारखे हिरवेगार. हातांवर एवढे रंग, पण भाकरीच्या टोपलीत मात्र रोज तळ दिसायचा.

आई कामावर गेली की बाळूला सांभाळायला गोजरामावशी यायची. केस कापसासारखे पांढरे, लुगडं ठिगळाचं पण लख्ख धुतलेलं, आणि पाठ अशी ताठ की जणू डोक्यावर भरली घागर आहे. थोडा पगार आणि दुपारची भाकरी, असं तिचं ठरलं होतं.

रोज सकाळी आई पायांत चपला सरकवता सरकवता म्हणायची, "मावशी, तुमची भाकरी उंबऱ्यापाशी ठेवलीय हं."

"राहू दे गं हौसे, मी घरून जेवून आले," मावशी म्हणायची. ते ऐकत ऐकतच आई वळणावर पोचायची.

मग दुपारी मावशी आपली भाकरी मोडायची. अर्धी बकुळाला, अर्धी दुधात कुस्करून बाळूला. मुलं खायची, आणि मावशी त्यांच्याकडं बघत बसायची.

एक दिवस बकुळानं पाहिलं, मावशी माठापाशी उभी राहून पाणी पितेय. एक तांब्या प्याली, दुसरा प्याली. मग पदर कमरेला गच्च आवळून बांधला, बाळूला कडेवर घेतलं, आणि एकदम भिंतीला टेकली. डोळे मिटले. बाळूला मात्र तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही गं बाय. ऊन लागलं."

घरात कुठलं ऊन? बकुळानं बाळूला तिच्या कडेवरून उतरवून घेतलं. उद्या मावशी खरंच पडली तर? तिला एकटीला तिच्या झोपडीत पाणी कोण देईल?

त्या संध्याकाळी बकुळानं आपल्या वाटणीची अर्धीच भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी घेऊन ती परसात गेली. कुंपणावर दोडक्याचा वेल पसरला होता. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, ठाऊक आहे ना? हळदीसारखी पिवळी, रेशमासारखी मऊ. बकुळानं एक मोठं पान तोडलं आणि मावशीसाठी भाकरी त्यात गुंडाळू लागली.

तेवढ्यात एक फूल डुलायला लागलं. वारा नव्हता, तरी डुलत होतं. पाकळ्या उलगडल्या आणि आतून एक इवलीशी परी बाहेर आली. बोटाएवढी. अंगावर पिवळं झगझगीत लुगडं, आणि पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, गुलाबी, चमचमणारे.

"कुणासाठी झाकतेस गं ही भाकरी?" परीनं विचारलं. तिचा आवाज पैंजणातल्या घुंगरासारखा होता.

"मावशीसाठी."

"तुला भूक नाही?"

"आहे की. पण तिला जास्त आहे."

परी खुदकन हसली. "भूक असून 'आहे' म्हणणारं माणूस मला कितीतरी दिवसांनी भेटलं. माग बकुळा, काय हवं ते माग."

बकुळाच्या डोळ्यांपुढं जरीच्या काठाचा नवा परकर आला. गळकं छप्परही आलं. पण ती म्हणाली, "माझ्या मावशीनं पोटभर जेवावं."

परीनं टाळी वाजवली. बकुळाच्या तळहातावर चिंचोक्याएवढी वाटी आली आणि बघता बघता चांगली ओंजळीएवढी फुगली. सोन्यासारखी लखलखीत. आत गव्हाची खीर, गुळाच्या रंगाची, वेलदोड्याच्या वासाची, काठोकाठ.

"आता नेम ऐक," परी म्हणाली. "देणारा वर आणि घेणारा खाली असं झालं, की खीर आटेल. भुकेबद्दल कुणी खोटं बोललं, तरी खीर आटेल. उद्या संध्याकाळी माझी फुलं पुन्हा उमलली की वाटी माझ्याबरोबर परत जाईल, त्याआधी मावशी पोटभर जेवायला हवी."

"एवढंच ना," बकुळा म्हणाली आणि वाटी पानानं झाकून वेलाखाली ठेवली. तिला वाटलं, सोपं आहे.

सोपं नव्हतं बाळांनो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मावशी उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली होती. बकुळा धावत आली आणि उभ्या उभ्याच वाटी पुढं केली. "मावशी, घे!"

खीर सर्रकन खाली गेली. निम्मीच राहिली. बकुळानं आपल्या पायांकडं पाहिलं. ती उभी होती, मावशी खाली होती.

मग तिनं आतून पाट आणला. "मावशी, यावर बस."

"पाट घरच्यांचा असतो बाय. कामाच्या बाईनं आपली जागा ओळखावी."

"मग माझी जागा पण इथंच," असं म्हणून बकुळा फतकल मारून तिच्यासमोर जमिनीवर बसली. बाळूही रांगत आला आणि मधेच बसला. "आता खा."

वासानं मावशीच्या नाकपुड्या फुलल्या. पण तिनं मान फिरवली. "तुम्ही खा लेकरांनो. मी घरून जेवून आले."

खीर पुन्हा खाली गेली. वाटीच्या तळाला एक थेंब उरला, मोत्याएवढा.

बकुळाला रडू आलं. सावल्या लांब झाल्या होत्या. कुंपणावर पहिली कळी सैल पडू लागली होती. बकुळा हळूच सरकली आणि मावशीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"मावशी, तुला भूक लागत नाही का?"

मावशीनं टोपलीकडं बघितलं. मग म्हणाली, "भूक सांगितली की माणूस लहान होतं, बाय. मी गरीब असेन, पण कुणापुढं हात पसरला नाही आजवर. तुमची टोपली दिसते मला. तीत मी कशी वाटेकरी होऊ?"

"मग मी आधी सांगते," बकुळा म्हणाली. "मला भूक लागलीय. रोज लागते. तुझी भाकरी खाल्ली तरी लागते. मी लहान झाले का?"

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. इवलीशी हनुवटी वर करून पोर बसली होती, राणीसारखी.

"नाही गं माझे सोन्ये. तू कशाला लहान होशील?"

"मग तू कशी होशील?"

मावशीनं बकुळाला उचलून मांडीवर घेतलं. आता दोघींची तोंडं अगदी समोरासमोर आली, ना एक वर, ना एक खाली. मावशीनं तिच्या कानात सांगितलं, "लागलीय गं. लई लागलीय."

आणि वाटीतला तो मोत्याएवढा थेंब हलला. खीर वर आली, वर आली, काठोकाठ आली. बकुळानं बोटांनी पहिला घास मावशीच्या तोंडात घातला. मावशीनं दुसरा बकुळाच्या तोंडात. बाळूनं तर अख्खा हातच वाटीत घातला आणि कोपरापर्यंत चाटत बसला. खीर काही संपेना.

तेवढ्यात आई आली. आज तिचे हात हळदीसारखे पिवळे होते. दारात तिघांना बघून ती थबकली.

"मावशी, तुम्ही तर घरून जेवून येता ना?"

"नाही गं हौसे," मावशी म्हणाली. आज तिनं मान फिरवली नाही. "कधीच येत नव्हते."

आईनं उंबऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आणि मी रोज भाकरी उंबऱ्यावर ठेवून पाठ फिरवायची. तुमच्या ताटाकडं एकदाही बघितलं नाही."

तिनं पाट उचलून कोपऱ्यात ठेवला, आतली घोंगडी आणली आणि झटकून अंथरली. "उठा मावशी, इथं बसा. आपण सगळी यावरच बसू. रोज."

मावशी उठली आणि पाठ ताठ ठेवून घोंगडीच्या मधोमध बसली. आई तिच्या शेजारी, मुलं समोर. पोट भरेपर्यंत जेवली सगळी. त्या दिवसापासून, का कोण जाणे, टोपलीतली भाकरी चौघांना पुरायची आणि वर एक उरायची. दोडक्याच्या वेलालाही इतके दोडके लागले की कुंपण वाकलं.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलंय. मावशी घरी निघाली तेव्हा शेजारची ठकूकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला सगळ्यांच्या घरात डोकवायची सवय.

"काय गं गोजरा," ती म्हणाली, "मालकिणीच्या मांडीला मांडी लावून बसली होतीस म्हणे. कामाची बाई ना तू?"

"कामाची तर आहेच," मावशी म्हणाली. "उद्या पण कामालाच येणारय. पण आत्ता विचारशील तर, घरून जेवून आले."

आणि ती गेली, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी, ताठ.

कुंपणावर त्याच वेळी सगळी फुलं एकदम उमलली. त्यांतल्या एका फुलात परी उभी होती. ते शब्द तिच्या कानावर पडले. तेच रोजचे शब्द, पण आज खरे. वाटी हातात घेऊन परसात उभ्या असलेल्या बकुळाकडं बघून तिनं मान डोलावली. मग तिचे पापुद्र्यासारखे पंख आधी गुलाबी झाले, मग पिवळे, मग नुसता उजेड. तो उजेड वेलावरून घरंगळत गेला, मावशीच्या पांढऱ्या केसांवर क्षणभर टेकला आणि विरून गेला.

बकुळानं हात बघितला. वाटी नव्हती. बोटांना मात्र गुळाचा वास होता.