फराशिसाची कौले

साजोळी गावाच्या वर, जांभ्या दगडाच्या सड्यावर, कौलांचा एक ढीग आहे. घर नाही, भिंत नाही, नुसती कौले. खाली जुनी नळीची, हाताने थापलेली. वर मंगलोरी, कारखान्याचा शिक्का असलेली. पाहुणा पहिल्यांदा येतो आणि विचारतो, इथे कोणाचे घर पडले? यावर बाबलआजोबा हमखास चिडतात. "घर पडला नाय. हयसून घरां उभी रवली," असे म्हणतात आणि चिऱ्यावर बसून सांगू लागतात. ते एकदा बसले की मध्येच उठायची सोय नाही.

जुन्या काळची गोष्ट. गडावरच्या सरदाराला बंदुकीची दारू हवी होती, म्हणून त्याने समुद्रापलीकडून एक फराशीस आणवला. म्हणजे फ्रान्स देशाचा माणूस. नाव एत्येन की असेच काही. गावाच्या जिभेला ते वळले नाही, म्हणून नुसता फराशीस. आपल्या देशात तो मोठा रसायनी होता म्हणे. हवा ही एकच चीज नाही, तिच्यात जगवणारी निराळी आणि मारणारी निराळी, हे ज्यांनी पहिल्यांदा शोधले त्यांतला तो एक, असे सांगतात. काचेच्या भांड्यात हवा कोंडून तो ती तराजूत तोलायचा. गावाला याचे भारी हसू येई. लोक त्याला वाऱ्याचा वाणी म्हणत.

तो राहायचा भागू सुइणीच्या पडवीत. भागू विधवा. निम्मा गाव तिच्या हातांवर जन्मलेला, आणि तिला स्वतःची मात्र एकच लेक, सगुणा. सगुणेचा नवरा गलबतावर गेलेला. ती बाळंतपणाला आईकडे आलेली. फराशिसाचे बोलणे आधी कळू लागले ते तिलाच. तिने त्याला आपली बोली शिकवली आणि त्याचे प्रयोग हौसेने पाहिले. एकदा त्याने पेटता दिवा आणि निखारा, दोन्ही काचेच्या हंडीखाली झाकून ठेवले. दिवा बारीक होत होत विझला. तेव्हा तो बाळंतिणीच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "दार बंद, शेगडी आत. माणूस पण असा."

भागूला राग आला. बाळंतिणीची खोली गच्च लावायची, फटीत चिंध्या कोंबायच्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, ही तिच्या आईची आणि आजीची रीत. ओल्या अंगाला वारा लागून गेलेल्या बाया तिने पाहिल्या होत्या. आता एका पुरुषाने, तेही परमुलखातल्या, तिला बाळंतपण शिकवायचे?

पौषात फराशिसाला दारूची पिंपे घेऊन गडावर जावे लागले. निघण्यापूर्वी तो शिडी लावून चढला, खोलीवरचे एक कौल काढले आणि अंगणात ठेवले. भागूसमोर त्याने हात जोडले. "हा भोक बंद नको. आये, नको." भागू "बरां" म्हणाली. प्रवासाला निघालेल्या माणसाचे मन कशाला मोडा, म्हणून म्हणाली.

तो गेला आणि सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. सगळे सुखरूप. पण त्या दुपारी सड्यावरून बोचरा वारा सुटला आणि नेमका त्या भोकातून बाजेवर येऊ लागला. सगुणा कुडकुडायला लागली. आई किती वेळ बघत राहील? भागू आपली वाकळ घेऊन माळ्यावर चढली आणि भोक घट्ट बुजवले. मग शेगडी भरली, निखाऱ्यांवर ओवा टाकला, दार ओढून घेतले आणि बाळाला न्हाऊ घालायला पडवीत नेले.

"आये, माका झोप येता गो," आतून सगुणा म्हणाली.

"नीज गो बाय. आता वारो नाय येवचो."

बाळाला तेल चोळून, न्हाऊ घालून, धुरी देऊन ती आत आली तेव्हा सगुणा निजलेली होती. गालांवर लाली होती. ऊब लागली पोरीला, असे भागूला वाटले आणि ती सुखावून तशीच बघत राहिली. मग बाळ रडू लागले. "सगुणा, ऊठ गो. चेडवाक भूक लागली." तिने हाक मारली. हलवून पाहिले. मग साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

फराशीस परतला तेव्हा सड्यावर सगुणेच्या चितेची राख निवली होती. भागू वाकळ मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती. त्याने ती वाकळ पाहिली, वर छपराकडे पाहिले, आणि त्याला सगळे कळले. वाडी जमली. आता हा तिच्यावर तुटून पडणार, असे लोकांना वाटले. भागूलाही तेच हवे होते.

"मार माका," ती म्हणाली. "तिका मियां मारलंय."

तो तिच्याशेजारी खाली बसला. "माझ्या देशात थंडी," तो म्हणाला. "बायको बाळंत. खिडकी मी बंद केली. हा हात." आणि त्याने आपला उजवा हात तिच्यापुढे धरला. हा माणूस हवा तोलत का बसतो, ते त्या दिवशी गावाला कळले. दोघेही पोटभर रडले.

मग शिडीचे एक टोक फराशिसाच्या खांद्यावर आणि दुसरे भागूच्या, असे ते दोघे घरोघर फिरले म्हणे. जिथे पोटुशी बाई असेल तिथे तो चढून कौल काढायचा, आणि खाली भागू घरच्यांना सांगायची, "माझी सगुणा गेली. तुमची चेडवां जगांदेत."

पुढे फराशीस तापाने गेला. सगुणेला अग्नी दिला तिथेच मला पुरा, एवढेच त्याने मागितले. त्याची काचेची भांडी सरदाराच्या माणसांनी नेली. फुटली की काय झाले कोण जाणे. त्याच्या देशात त्याचे नाव कुठे लिहिलेले आहे की नाही, तेही साजोळीला ठाऊक नाही. भागूने अंगणात पडलेले ते कौल उचलून आणले आणि त्याच्या मातीवर पालथे घातले. मग वाकून, घरात मारावी तशी हाक मारली, "सगुणा, ऊठ गो." आणि ती थोडा वेळ थांबली. त्यानंतर हातपाय थकेपर्यंत तिने सुईणपण केले, पण छपराचे कौल निघाल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकले नाही. निघालेले कौल ती स्वतः सड्यावर आणून ठेवी. नातही तिनेच वाढवली. बाबलआजोबा त्या नातीच्या वंशातले.

आता बाळंतपणे तालुक्याच्या इस्पितळात होतात. बाजेखाली शेगडी कोणी ठेवत नाही. पण आजही साजोळीत दिवस भरत आले की लेकीची आई शिडी चढते आणि आपल्या हाताने एक कौल काढते. ज्यांची घरे स्लॅबची झाली ते शेजाऱ्याकडे कौल मागतात, आणि त्याला नाही म्हणायची रीत नाही. भोकातून पाऊस आला तर खाली टोप ठेवतात, भोक बुजवत नाहीत. ते कौल घेऊन आई सड्यावर येते, ढिगावर पालथे घालते आणि हाक मारते, "सगुणा, ऊठ गो." मग तीही थोडा वेळ थांबते. सड्यावर नुसता वारा असतो. तो अंगावर घेत ती उतरते, आणि घरी पोचेपर्यंत मागे वळून बघत नाही.