पांढरं अस्तर

"…पण मग काळा रंग किती घालू, उस्ताद? एवढं तरी सांगा," रुकय्या म्हणाली.

याकूत उस्ताद ब्रश पुसत राहिले. राजपुरीला, खाडीच्या काठावर, त्यांची एक खोली होती. चाळीस वर्षं तिथे बसून त्यांनी लोकांचे चेहरे रंगवले होते. शाळेला देणगी देणारे शेठ, बोटींचे मालक, कुणाचे वारलेले वडील.

रुकय्या त्यांच्यासारखीच सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या माणसांतली. मुंबईच्या कला महाविद्यालयातून व्यक्तिचित्राचं सुवर्णपदक घेऊन आली होती, आणि ते पदक तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी खणखणायचं.

तिच्या अम्मीला, हलीमाबीला, काचबिंदू होता. कडेचं दिसेनासं झालं होतं. मधलंही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. अम्मीचं मागणं एकच होतं. लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्याने तिला पुसून पुसून गोरी केली होती. डोळे जाण्याआधी एकदा तिला आपलाच चेहरा चित्रात बघायचा होता.

रुकय्याने तीन चित्रं केली. पहिल्यात अम्मी राखाडी झाली, दुसऱ्यात कोळसा. तिसरं बघून अम्मी म्हणाली, "शेजारीण बरी आहे हो. राहते कुठे?"

घरातले सगळे हसले. रुकय्या न्हाणीघरात जाऊन रडली, आणि सकाळी इथे आली.

उस्तादांनी विचारलं, पदक कुणाच्या चित्राला मिळालं? एका निवृत्त प्राध्यापकांच्या, ती म्हणाली. गोरेपान होते. आणि वर्गात तुझं चित्र कुणी काढलं?

सगळ्यांनीच, ती म्हणाली. सर तिलाच समोर बसवायचे. आज रुकय्या बसलीये, काळ्याची मोठी ट्यूब आणा रे, असं पोरं म्हणायची. तीही त्यांच्याबरोबर हसायची.

"हं…" उस्ताद म्हणाले. "नवा कॅनव्हास तयार कर."

तिला राग आला. हे पहिल्या वर्षाच्या पोरांचं काम. तरी तिने चौकटीवर मांजरपाट ताणला, खिळे ठोकले, सरस लावला. सरस वाळल्यावर सवयीने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

उस्तादांनी डब्यावर तळहात ठेवला. ती इतकी दचकली की ब्रश हातातून सुटला.

"हे कशाला?"

"अस्तर, उस्ताद. आधी पांढरं करून घ्यावंच लागतं."

"कापड कुठल्या रंगाचं आहे?"

तिने पाहिलं. मातकट होतं. इतकी वर्षं हातून कापड गेलं, पण त्याचा रंग पाहायचं कधी सुचलं नव्हतं.

"पांढरं तू केलंस," उस्ताद म्हणाले. "आणि त्यावर अम्मीला बसवलंस…"

गेरू आणि काजळी जवसाच्या तेलात घोटून त्यांनी तिच्यापुढे सरकवली, आणि चहा टाकायला उठले.

तिने कापड गर्द तपकिरी केलं. ते वाळायला आठवडा गेला. त्या आठवड्यात ती चारदा येऊन बोट लावून बघून गेली. उस्ताद म्हणाले, भाकरी आहे का ती, भाजली की नाही बघायला?

मग ती ते कापड घरी घेऊन गेली आणि अम्मी खिडकीशी बसली. पांढऱ्यावर रुकय्याला प्रत्येक फटकाऱ्याला धास्ती वाटायची, जरा जास्त तर झालं नाही ना म्हणून. आता जास्त व्हायला काही उरलंच नव्हतं. अम्मी कापडात आधीच होती. खाडीकडून येणारा उजेड तिच्या कपाळावर निळसर पडत होता, गालावर तांबूस, ओठाच्या कडेला जरा पिवळा. तेवढाच ठेवायचा होता.

दुपारच्या अजानआधी चेहरा झाला.

अम्मी चित्राच्या अगदी जवळ गेली. कडेचं दिसत नव्हतं, म्हणून तिने मान हळूहळू या टोकाहून त्या टोकाला नेली.

चित्राकडे बघत अम्मीने कानशिलावरची सुटलेली बट बोटाने मागे सारली, ओढणी नीट केली… आरशापुढे करतात तशी.

दुसऱ्या दिवशी रुकय्या उस्तादांकडे गेली. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दारातच सगळं विसरली. त्यांचा हात धरून तिने तो डोळ्यांना लावला, एवढंच.

"उस्ताद, तुमचे उपकार मी…"

उस्तादांनी हात सोडवून घेतला. कोपऱ्यात एक कापड ताणून ठेवलेलं होतं, गर्द तपकिरी, केव्हाच वाळलेलं. ज्या खुर्चीवर चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना बसवलं, ती त्यांनी खिडकीशी ओढली. बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ते राहू दे, बेटा," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर मलाही बघ."