कोरड्या नळाचं उद्घाटन

आंबेघोळ शहरात उद्घाटन करायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं!

नगराध्यक्ष दौलतराव ढमढेरे कात्रीच्या जोरावरच निवडून येत. पुलाचं उद्घाटन त्यांनी दोन्ही टोकांना केलेलं. स्मशानभूमीच्या उद्घाटनाला तर "असेच वरचेवर या" म्हणून भाषण ठोकलेलं! आता आठवडाभर फीत दिसली नाही, तसा हात नुसता शिवशिवायला लागला. शेवटी त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या बुटाची नाडीच कापली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

चहा घेऊन आलेली हौसाक्का खुदकन हसली. नगरपालिकेच्या दारात तिची टपरी होती.

"हसतेस काय?" ढमढेरेसाहेब कडाडले. "मला रोज उद्घाटन पाहिजे! रोज नवं पाहिजे! आणि नगरपालिकेनं एक वीटसुद्धा लावायची नाही. उद्यापर्यंत शोध, नाहीतर टपरी उचलली समज!"

"आणि शोधलं तर?"

"मागशील ते!"

दुसऱ्या दिवशी हौसाक्कानं साहेबांना बँडसकट आपल्या गल्लीत नेलं. तिथं गंजक्या नळाला लाल फीत बांधलेली, आणि भोवती रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया.

"अगं, याचं उद्घाटन मी मागंच केलंय!"

"नळाचं केलंत, साहेब. पाण्याचं कुठं केलंत?"

साहेब खूश झाले. फीत कापली, तोटी फिरवली. नळ खोकला, खाकरला आणि आतून एक झुरळ बाहेर आलं! बँडवाल्यांनी त्यालाच सलामी दिली. बाया फिदीफिदी हसायला लागल्या.

"माझं उद्घाटन कोरडं?" साहेब सोबत आलेल्या मुख्याधिकाऱ्यांवर गरजले. "पाणी सोडा आधी!"

मुख्याधिकारी बिननाडीच्या बुटानं फटक फटक धावले. टाकीवरच्या माणसानं चावी फिरवली आणि पाण्याची अशी धार उडाली की साहेब टोपीपासून चपलेपर्यंत चिंब! गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला.

साहेबांनी तोंड पुसलं. "पण उद्या? उद्या हे जुनं झालं की!"

"जुनं कसं होईल? आजचं पाणी आज संपणार. उद्या येईल ते नवंकोरं! रोज या, रोज कापा!"

साहेब पोट धरून हसत सुटले.

"जिंकलीस बाई! टपरी तुझी कायमची. आणखी काय मागतेस?"

"काही नाही. पलीकडच्या गल्लीतला नळ पण कोरडाच आहे," हौसाक्का म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी मोकळेच असता ना?"

साहेब हसता हसता खाली बसले आणि ओरडले, "आणा रे, आणखी फीत आणा!"