शिंपिणीचं अंडं आणि खैराचा खांब

एक होती शिंपीण. अंगठ्याएवढं पाखरू. तिने वांग्याची दोन पानं शिवली. घरटं केलं. घरट्यात अंडी तीन.

वांगी अनसूयाकाकीची. कुंपणाचा खांब सावरीचा. मऊ मऊ लाकूड, वर साल तशीच. खांब पाणी प्यायला. आतून कुजला. एक दिवस, कडाड धप्प! खांब पडला. शेळी आत शिरली. कचर कचर पाला खाल्ला. घरटं हललं.

टप. टप. दोन अंडी फुटली.

एक उरलं.

शिंपीण रडली. खूप रडली. मग तिने उरलेलं अंडं कापसाने झाकलं. गेली काकीकडे. भुर्र भुर्र.

"काकी काकी, खांब गाड. शेळी येईल, अंडं फुटेल."

काकी म्हणाली, "चुकलंच गं माझं, बाये. घाईघाईत सावर पुरली. आता खैर पुरीन. पण खांबाचं बूड मातीत जातं. कच्चं बूड वाळवी खाते. लोहार बूड भाजेल, तर मी खांब गाडीन."

शिंपीण गेली लोहाराकडे. भुर्र भुर्र.

"लोहारदादा, बूड भाज. काकी खांब गाडेना. शेळी येईल, अंडं फुटेल."

लोहार म्हणाला, "भट्टी लाल आहे. पण भाजू काय? माझी दाढी? मेस्त्री खांब तासेल, तर मी बूड भाजीन."

शिंपीण गेली मेस्त्रीकडे. भुर्र भुर्र.

"मेस्त्रीमामा, खांब तास. लोहार बूड भाजेना. काकी खांब गाडेना. शेळी येईल, अंडं फुटेल."

मेस्त्री म्हणाला, "एवढीशी तू, एवढा खांब कशाला? झोका बांधतेस?"

शिंपीण हसली नाही. मेस्त्री मग हळूच म्हणाला, "साल काढीन. पांढरं लाकूड काढीन. आतला तांबडा गाभा तेवढा ठेवीन. तो कुजत नाही. खैर फांदी देईल, तर मी खांब तासीन."

शिंपीण गेली खैराकडे. भुर्र भुर्र.

"खैरबाबा, फांदी दे. मेस्त्री खांब तासेना. लोहार बूड भाजेना. काकी खांब गाडेना. शेळी येईल, अंडं फुटेल."

खैर थरथरला. सळसळ सळसळ. "दुखेल गं मला. तरी देईन. पण चांदण्याच्या दिवसांत तोडलेल्या लाकडाला कीड लागते. चांदोबा नाहीसा होईल, तर मी फांदी देईन."

सकाळच्या आभाळात चांदोबा होता. फिकट. नखाएवढा.

"चांदोबा, नाहीसा हो. खैर फांदी देईना. मेस्त्री खांब तासेना. लोहार बूड भाजेना. काकी खांब गाडेना. शेळी येईल, अंडं फुटेल."

चांदोबा म्हणाला, "मला घाई करता येत नाही गं. उद्या अमावास्या. आज तू अंड्यावर बस."

शिंपीण अंड्यावर बसली. शेळी आली. कचर कचर. एक झाड खाल्लं. दुसरं झाड खाल्लं. जवळ आली. अजून जवळ आली. शिंपीण हलली नाही.

"हुडूत! हुडूत!" काकी काठी घेऊन धावली. दिवसभर तिथेच उभी राहिली.

दुसरा दिवस उजाडला. चांदोबा नाहीसा झाला.

खैराने फांदी दिली. खट्ट खट्ट. तांबडा डिंक गळला, थेंब थेंब.

मेस्त्रीने खांब तासला. सर्र सर्र.

लोहाराने बूड भाजलं. चर्र चर्र.

काकीने खांब गाडला. धप्प धप्प.

शेळी आली. शिंगं लावली. ढकललं. खांब हलला नाही.

मग एके दिवशी, टक. टक. अंडं फुटलं.

आतून फुटलं!

एक पिल्लू. एक चोच. "चीं!"

शिंपीण गेली अळ्या आणायला. भुर्र भुर्र. आणल्या तीन. एक पिल्लाला दिली. दोन तिच्या चोचीत तशाच राहिल्या.

"चीं!" पिल्लू म्हणालं.

मग त्याही तिने पिल्लालाच भरवल्या.